पॅनलचे पैसे मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठका सुरू होतात. देवळाचा रंग, पाखाडीची दुरुस्ती, विहिरीवरचा पंप यांच्या जोडीला हल्ली एक विषय हमखास असतो : गावच्या शाळेला इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालवायचा फळ्याएवढा पडदा. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण उद्घाटनाचा जो फोटो छापून येतो तो जरा निरखून पाहावा. पॅनलला हार, बाजूला सरपंच आणि मंडळाचे अध्यक्ष, समोर सतरंजीवर मुले. फोटोत मुले जिथे बसलेली असतात तिथेच ती पुढे वर्षभर बसतात. हे पत्र त्याबद्दल आहे.

एका इयत्तेची चाळीस मुले एका खोलीत असतील तर पॅनलचा उपयोग आहे. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेचे गणित वेगळे. पट पंधरा-वीस, शिक्षक दोन, इयत्ता चार किंवा पाच. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. पॅनलवर तिसरीचा पाठ लागला की पहिली आणि दुसरीही तोच बघते, कारण हलत्या चित्राकडे पाठ करून कोणते मूल गणित सोडवणार? खडू-फळ्याच्या काळात निदान एका इयत्तेला पाटीवर काम देऊन दुसरीला शिकवता येत होते. पॅनलने ती सोयही काढून घेतली.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, साताऱ्याच्या कुमठे बीटला (शाळांच्या गटाला) राज्यभरातून शिक्षकांचे दौरे निघाले आणि ज्ञानरचनावाद हा शब्द शाळाशाळांत पोचला. बऱ्याच ठिकाणी तो फरशीवर रंगवलेल्या अंकांच्या चौकटीतच राहिला. त्याच सुमारास लोकवर्गणीतून डिजिटल शाळाही झाल्या. म्हणजे एकीकडे ‘मूल स्वतः शिकते’ म्हणायचे आणि त्याच मुलाला टीव्हीसमोर मांडी घालून बसवायचे. ही विसंगती तेव्हा कुणी फारशी बोलून दाखवली नाही. आता पैसे पुन्हा येत आहेत, तर या वेळी बोललेले बरे.

६५ इंची पॅनलला लाख-सव्वा लाख रुपये जातात. तेवढ्याच पैशात आठ साधे टॅब, एक छोटा सर्व्हर (पाठ साठवून टॅबना पुरवणारा संगणक), चार्जिंगची पेटी आणि पहिल्या दोन वर्षांची दुरुस्ती होते. सोळा मुलांत आठ टॅब म्हणजे दोघांत एक. प्रत्येकाला एक टॅब घेऊच नये, पैसे असले तरी. आठ इंची पडद्याभोवती दोन मुले नीट बसतात, तिसरे अडचणीने बसते आणि चौथे खिडकीबाहेर बघते. मोठ्या मॉनिटरचा जुना संगणक असेल तर चौघेही चालतात. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीच्या भोकात संगणक बसवला आणि नंतर तसेच संगणक आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही लागले, तेव्हा मुले घोळक्याने, एकमेकांना सांगत ते चालवायला शिकली. यंत्र वापरायला मुलांना शिकवावे लागत नाही, एवढे त्यातून दिसले. अपूर्णांकांची बेरीज मात्र घोळक्याने आपोआप येत नाही. तिथे शिक्षक लागतो, आणि त्याला त्यासाठी मोकळा वेळ लागतो. टॅबचे खरे काम तो वेळ काढून देणे.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत खोलीतल्या मुलांचे तीन गट करावेत. एक गट शिक्षकासमोर बसपट्टीवर, एक जोडीने टॅबवर, एक वही किंवा वस्तूंवर. बारा-तेरा मिनिटांनी गट फिरतात. टॅबवरच्या जोडीला एकच नियम पुरतो : टॅब एकाच्या हातात, पण काय दाबायचे ते दुसऱ्याने सांगायचे. टॅबवाल्याने आपल्या मनाने बोट लावायचे नाही, सांगणाऱ्याने टॅबला शिवायचे नाही, आणि निम्म्या वेळाने अदलाबदल. यामुळे मुलाला विचार बोलून दाखवावा लागतो. ‘वरचे वरच्यात मिळव, खालचे खालच्यात मिळव’ असे मूल मोठ्याने म्हणाले की गाडी कुठे रुळावरून उतरली ते शेजारच्या गटाबरोबर बसलेल्या शिक्षकाच्याही कानावर पडते. एकट्याने खेळणारे मूल हीच चूक मुकाट्याने वीस वेळा करते.

अंदाजाने ठोकायची सवय मात्र लवकर लागते. चार पर्याय असले की मुले चारही दाबून बघतात, बरोबरची खूण आली की पुढे. त्यावर उपाय कच्च्या वहीचा. प्रत्येक उदाहरण आधी वहीत, मग पडद्यावर. वही कोरी दिसली तर त्या दिवशी टॅब पुढच्या जोडीला.

आता सर्व्हरबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते. वाडीवर इंटरनेट धड नसते, म्हणून आशय शाळेतच साठवावा लागतो. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचे कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच बनवलेले आहे आणि त्याचा पडदा मराठीत करता येतो. ते रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) या तळहाताएवढ्या संगणकावर चालते, शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवरही चालते. तालुक्याच्या गावी, जिथे नेट चांगले असेल तिथे, आशय पेनड्राइव्हवर उतरवायचा, शाळेत आणून भरायचा आणि टॅब त्याला वायफायने जोडायचे. शिक्षक त्यात गट पाडू शकतो, गटाला वेगळा पाठ लावू शकतो, आणि चाचणीनंतर कोणता प्रश्न कुणाला अडला ते त्याला एका पडद्यावर दिसते. दुसऱ्या दिवशी बसपट्टीवर कुणाला बोलवायचे ते त्यावरून ठरते. मुलांची खाती नावाने न करता हजेरी क्रमांकाने करावीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातल्या अनेक प्रतिकृती मराठीत आहेत आणि फाइल म्हणून उतरवून नेटशिवाय चालतात. त्यातल्या विजेच्या मंडलात मुलाने चुकीची तार जोडली की घटाला आग लागलेली दिसते. मूल ते लगेच पुन्हा करून बघते, आणि मग खरा सेल व बल्ब हातात द्यायला हरकत नाही. ‘दीक्षा’ ॲपवरचा बालभारतीचा आशयही आधी उतरवून ठेवता येतो.

बिघाड ठरलेल्या तीन-चार ठिकाणी होतो. लाइट गेली की पायमधले मेमरी कार्ड करप्ट होते आणि सर्व्हर उठत नाही. राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस लावावा, पण तो पाय ४ ला लागणारे ५ व्होल्ट, ३ अँपिअर देतो की नाही हे घेतानाच पाहावे. त्याखेरीज कार्डाची हुबेहूब दुसरी प्रत करून पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. बिघडले की दोन मिनिटांत कार्ड बदलून शाळा सुरू. दुसरे, टॅबला वायफायवर इंटरनेट सापडत नाही म्हणून तो आपण होऊन जोडणी तोडतो. ‘तरीही जोडलेले राहा’ आणि ‘पुन्हा विचारू नका’ हे दोन्ही प्रत्येक टॅबवर एकदा निवडावे लागते, नाहीतर शिक्षकाचा अर्धा तास टॅब जोडण्यात जातो आणि आठवड्याभरात पेटीला कुलूप लागते. तिसरे, जांभ्याची दीड फुटी भिंत, त्यात पावसाळ्यात पाणी प्यालेली. अशा भिंतीपलीकडे वायफाय जात नाही. सर्व्हर वापराच्या खोलीतच, डोक्याच्या उंचीवर हवा. आठ-दहापेक्षा जास्त टॅब झाले की पायचे स्वतःचे वायफाय धापा टाकते, तेव्हा एखादा जुना राउटर तारेने जोडावा. चौथे जरा गमतीचे. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. नेट नसताना लाइट गेली की त्याची तारीख मागे राहते आणि अहवालात कालची चाचणी परवाच्या आधी दिसते. पाय ५ ला बॅटरी जोडता येते. नसेल तर सोमवारी सकाळी तारीख तपासायचे काम वरच्या इयत्तेतल्या मुलाला द्यावे.

घड्याळाचा मुद्दा इथे संपत नाही. टॅबवर बाहेरून आलेले पाठ चालवणे हा त्याचा सर्वात सोपा आणि सर्वात कमी दर्जाचा वापर आहे. मुलांनी स्वतः मोजावे, नोंदवावे आणि त्यातून काहीतरी काढावे यासाठी किनाऱ्यावरच्या शाळेइतकी चांगली जागा नाही. भरतीची वेळ सांगायचा आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. शाळा सातवीपर्यंत असेल तर सहावी-सातवीच्या मुलांना सांगावे, हा हिशोब तपासा.

धक्क्याच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करायची. भरतीच्या अंदाजे वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर १० मिनिटांनी टॅबवर खांबाचा फोटो. हिशोबाने प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत दुपारची भरती पाऊण ते सव्वापाच या वेळात येते, म्हणजे बहुतेक निरीक्षण शाळेच्या वेळेत बसते. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे आणि धक्क्यावर दोन मोठी माणसे असावीत. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

पहिली अडचण अशी की भरतीचा कळस क्षणात येऊन जात नाही. पाणी वीस-तीस मिनिटे तिथल्या तिथे रेंगाळते आणि मुले ‘आता’, ‘नाही, आता’ करत भांडतात. तोड सोपी आहे. पाणी चढताना एका खुणेला २:१० वाजता टेकले आणि उतरताना त्याच खुणेला २:५० ला, तर कळस मधोमध २:३० ला. फोटोवरची वेळ यासाठी लागते, म्हणून सगळ्या टॅबची घड्याळे आधी जुळवलेली हवीत.

दुसरी अडचण तक्त्यात भरताना. मूल १०.५० असे टिंब देऊन लिहिते आणि यंत्र त्याला दहा पूर्णांक पाच दशांश, म्हणजे साडेदहा समजते. वेळ अपूर्णविरामाने, १०:५० अशीच भरायची. दुपारचे अडीच म्हणजे १४:३०, नाहीतर आलेख मध्येच पहाटे अडीचला बुडी मारतो. आणि आकडे मराठी कळफलकावरून भरले तर बहुतेक तक्त्यांची ॲप त्यांना अक्षरे समजतात, बेरीज शून्य दाखवतात. तक्त्यापुरता कळफलक बदलावा. या चुका शिक्षकाने आधी सांगून टाकू नयेत. बेरीज शून्य का आली हे शोधायला मुलांना अर्धा तास द्यावा, तो वाया जात नाही.

मग मजा आहे. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटे. पण अमावास्येला साधारण दुपारी बाराला असलेली भरती पंधरा तिथींनी, पौर्णिमेला, पुन्हा साधारण बारालाच येते. १२ तासांत १५ तिथी, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. जुना हिशोब तिथीमागे ३ मिनिटे कमी धरतो, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास. होडी लोटणाऱ्याला तोंडी करता येईल असा तो सोपा केलेला आहे, आणि हे मुलांनी स्वतःच्या आकड्यांवरून काढले तर चार पंचमांश आणि पाऊण यांतला फरक त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. पुढे आलेख सरळ रेषेत येत नाही म्हणून मुले मोजणी चुकली असे समजतात. ती चुकलेली नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती रोज पाऊण तासाहूनही कमी उशिराने येते, अष्टमीच्या सुमारास तोच उशीर तासाच्या वर जातो. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीची दिशा जुळते किंवा आडवी जाते त्याचा हा परिणाम. इतपत आल्यावर पुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा उघडायचा.

लहान मुलांसाठी याहून साधा वापर आहे : आवाजाची नोंद. दुसरीतल्या मुलाने परिच्छेद वाचून रेकॉर्ड करायचा, स्वतः ऐकायचा, कुठे अडखळलो तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचे आणि पुन्हा वाचायचे. तिसऱ्या खेपेला टिंबे कमी झालेली त्याची त्यालाच दिसतात. टॅब तोंडापासून वीतभर लांब, आणि पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस पडत असताना हा उद्योग करू नये, नुसता ताशा ऐकू येतो. घरातल्या आजीकडून मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतले शब्द नोंदवून आणणे, त्यांना प्रमाण मराठी शब्द जोडणे हेही याच साधनाने होते.

प्रश्न विचारायला तर टॅबही लागत नाहीत. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी रूढ केलेली पद्धत अ, ब, क, ड लिहिलेल्या पुठ्ठ्यांवरही चालते. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी एकदम पुठ्ठा वर करायचा. बरोबर उत्तरे साधारण तीस टक्क्यांहून कमी असतील तर पुन्हा शिकवायचे, सत्तरच्या वर असतील तर पुढे जायचे, मधे असतील तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचे. ‘आज सकाळी दहाला भरती होती, उद्या सकाळी किती वाजता?’ या प्रश्नाला दहा, नऊ वाजून दहा, दहा पन्नास आणि चार हे पर्याय देऊन पाहावे. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतीतून यावेत, एवढीच मेख आहे.

आता हवा-पाण्याचे. विजेच्या बाबतीत टॅब पॅनलपेक्षा कितीतरी सुसह्य आहेत. पॅनल चालू असताना दीडशे ते दोनशे वॅट ओढते. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, त्यामुळे पॅनलला फार तर चार तास. आठ टॅब पूर्ण चार्ज करायला सगळे मिळून पाव युनिटही लागत नाही, आणि सकाळी भरलेले टॅब लाइट नसताना दिवसभराचे काम काढतात. चार्जिंगची पत्र्याची पेटी बंद करून चार्ज करू नये. रात्री शाळा बंद असताना तर मुळीच नाही.

खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांनी चार्जिंगचे तोंड हिरवे पडते आणि मग ‘टॅब बिघडला’ म्हणतात. रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने बरेच भागते. रंग बदलणारे जेल घ्यावे. रंग पालटला की दाणे मंद आचेच्या तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात, मात्र तो तवा पोषण आहाराच्या स्वयंपाकातला नसावा. इन्व्हर्टरच्या झरोक्यात पाल आणि बोर्डात मुंग्या हे पावसाळ्यातले ठरलेले पाहुणे. झरोक्याला बारीक जाळी लावावी.

जांभ्यात अर्थिंग हा स्वतंत्र विषय आहे. कोळसा-मिठाचा खड्डा मार्चपासून कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन बोलवावा, मग टॅब लावावेत. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा चमकतात तेव्हा प्लग काढतात, पण डिशची किंवा नेटची केबल तशीच राहते आणि वीज तिथून आत येते. तीही काढावी.

मंडळांना आणि ग्रामपंचायतींना विनंती एवढी की देणगीच्या ठरावात वस्तूंच्या यादीबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात. एकूण रकमेतला पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात वेगळा ठेवायचा. विकणाऱ्याने दोन्ही शिक्षकांसमोर सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून, कार्ड बदलून, पुन्हा चालू करून दाखवल्याशिवाय बिल द्यायचे नाही. आणि पेटीची दुसरी किल्ली शाळेजवळच्या एखाद्या घरात द्यायची. मे महिन्यात शाळा बंद, शिक्षक गावी. शून्यावर ठेवलेले टॅब जूनमध्ये उघडले की कधीकधी बॅटरी फुगून पडदा उचललेला असतो. ते निम्मे चार्ज करून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा बघायचे असतात. चाकरमानी सुट्टीला गावात असतात तेव्हा हे काम त्यांनीच अंगावर घ्यावे.

आपले,
शाळांतील संगणक व टॅबची देखभाल पाहणारे काही शिक्षक,
जि. रत्नागिरी